वणव्याच्या धुरात नाशिककर करतात त्या चुका

होळीच्या मागेपुढे नाशिकच्या भोवतीचे डोंगर पेटायला लागतात. एकदा पांडवलेणीची बाजू, एकदा चामरलेणी, कधी रामशेज, कधी अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरीचा उतार. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गवत इतकं वाळलेलं असतं की फेकलेली एक विडी पुरते. म्हसरूळच्या बाजूला माझं मेडिकल आहे. रात्री डोंगरावर जाळ दिसला की सकाळी दुकानात कोण येणार आणि काय मागणार, हे मला पाठ झालंय. कफ सिरप, डोळ्यांचे थेंब, साधा निळा मास्क. नको त्या गोष्टी घेऊन जातात आणि हव्या त्या करत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मूळ चूक एकच, बाकीच्या तिच्यातून निघतात. लोक जाळाकडे बघतात, धुराकडे बघत नाहीत. जाळ विझला की विषय संपला असं धरून चालतात. पण जाळ बसल्यावरही बुंधे, ओंडके आणि पालापाचोळ्याचे थर रात्रभर धुमसत राहतात, आणि धुमसणारं लाकूड भडकलेल्या लाकडापेक्षा जास्त धूर आणि जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतं. या धुरातला खरा घातक भाग म्हणजे पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज घ्या. हे कण नाकात, घशात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि त्यातले सगळ्यात बारीक तर रक्तातही उतरतात. म्हणून धुराच्या दिवसांत नुसता दमाच वाढत नाही, हृदयविकाराचे झटकेही वाढतात.

रात्री आग विझली, आता सकाळी फिरायला जाऊ

सगळ्यात जास्त जीव जळतो तो या चुकीपायी. रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, आणि वरच्या उबदार हवेचं त्यावर झाकण बसतं. डोंगरावरचा धूर उतारावरून वस्तीत उतरतो आणि तिथेच कोंडतो. ऊन तापून हवा वरखाली होईपर्यंत, म्हणजे साधारण नऊ-दहापर्यंत, तो हलत नाही. ज्या वेळेला आपण ‘पहाटेची शुद्ध हवा’ म्हणून बाहेर पडतो, नेमकी तीच वेळ वाईट. शिवाय बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. भरभर चालताना त्याच्या कितीतरी पट, आणि तीही बऱ्याचदा तोंडाने.

चामरलेण्यांच्या मागचा डोंगर पेटला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी नुकतं शटर वर केलं होतं. आमच्या कॉलनीतले एक काका, जुना दमा असलेले, बूट-टोपी घालून दारात उभे. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात निळा पंप.

‘‘ताई... हा पंप... संपला का... बघा.’’

तीन शब्दांना एक श्वास. पंप संपलेला नव्हता. ते तो न हलवता, तोंडापासून लांब धरून, जिभेवर फवारत होते. औषध टाळ्याला लागत होतं, छातीत जात नव्हतं. त्यांना स्टुलावर ताठ बसवलं, पंप हलवला, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला. एक फवारा, मग स्पेसरमधूनच सावकाश चार-सहा श्वास, मग पुढचा फवारा. मुलाला फोन करून गाडी मागवली आणि सरळ दवाखान्यात पाठवलं. जाण्याआधी विचारलं, दुसरा पंप कुठेय, रोजचा?

‘‘तो दोन महिन्यांपूर्वीच सोडला. बरं वाटत होतं. आणि म्हणतात, त्याची सवय लागते.’’

या ‘म्हणतात’ने किती माणसं आडवी केली असतील! नीट समजून घ्या. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. रोजचा स्टेरॉइडचा पंप आतली सूज आटोक्यात ठेवतो, आणि त्याचा परिणाम दिसायला दिवस, आठवडे लागतात. बरं वाटतं ते त्याच्यामुळेच वाटतं. वणव्याच्या हंगामाच्या तोंडावर तो सोडणं म्हणजे सुजलेल्या नळ्या घेऊन धुरात शिरणं. त्याची सवय लागत नाही. घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. आणि स्पेसर ‘लहान मुलांचा’ नसतो. सत्तर वर्षांच्या माणसालाही तो लागतो. ज्यांच्या घरी दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, त्यांना मी जानेवारीतच डॉक्टरांकडे पिटाळते: दोन्ही पंप तपासून घ्या, त्रास वाढला तर किती फवारे घ्यायचे ते लिहून आणा.

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा छातीत दुखतंय, तर मेडिकलवाल्याकडे येऊ नका. १०८ लावा.

खिडक्या बंद, कूलर चालू

‘‘सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या ताई, तरी सासूबाई रात्रभर खोकतायत.’’ हे दर उन्हाळ्यात कुणीतरी सांगतंच. मी आधी विचारते, कूलर कुठे बसवलाय? खिडकीत, बाहेर तोंड करून. म्हणजे घराला एकच वाट उघडी ठेवली, आणि तिच्यातून पंख्याने ओढून ओढून बाहेरची हवा आत घेतली. कूलरच्या ओल्या जाळीत धूळ थोडी अडते, धुराचे बारीक कण अडत नाहीत. ओली चादर दाराला लावणाऱ्यांचंही तेच. गारवा मिळतो, पण हवा गाळली जात नाही.

पण घर बंद करून आतल्या माणसाला उकडून मारायचं, हाही उपाय नाही. मार्च-एप्रिलमधल्या नाशिकच्या दुपारी म्हाताऱ्या माणसाला उष्म्याचा धोका धुराइतकाच खरा असतो. मी स्वतः काय करते ते सांगते. संध्याकाळी डोंगर धुमसताना दिसला की रात्री कूलर बंद, छताचा पंखा चालू, आणि घरातली सगळी एकाच खोलीत झोपतो, शक्यतो डोंगराच्या उलट्या बाजूच्या. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी बाहेरची हवा आत घेणारी फट असेल तर ती बंद करावी. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, वारा सुटला आणि समोरचं दिसायला लागलं की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. रात्रभर आत साठलेला धूरही बाहेर जायला हवा, हे बरेच जण विसरतात.

त्या रात्री घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल लावू नका. बाहेरचा धूर अडवून आत नवा करायचा, याला काही अर्थ नाही. एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा घ्या आणि खोलीच्या मापाचा घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊच नका. ओझोन दम्याला स्वतःच अपायकारक आहे.

मास्क म्हणून तोंडाला काहीही

ओला रुमाल, स्कार्फ, साधा सर्जिकल मास्क: बारीक धुरापुढे यांचा उपयोग फार थोडा. एन-९५ नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे कणही किमान ९५ टक्के अडवतो. सगळं अवलंबून आहे ते या ‘नीट बसला तर’वर. पट्टे दोन, एक मानेवर, एक डोक्याच्या मागे वर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, एका हाताने चिमटायची नाही. मग जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा आली की बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. तरुण मुलांना काउंटरवर हे दोन मिनिटं दाखवायला लागले की ती ‘‘येतं हो, द्या फक्त’’ म्हणून निघून जातात, आणि संध्याकाळी तोच मास्क हनुवटीखाली लटकवून डोंगरावर आग झोडपायला जातात. त्यांच्या हिमतीचं मला खरंच कौतुक आहे. पण एन-९५ कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, हे त्यांनी डोक्यात पक्कं ठेवावं. डोकं जड झालं, मळमळलं, तर हातातली फांदी टाकून, वारा जिकडून येतो त्या बाजूला, धुराबाहेर निघायचं. आणि हे काम वनखात्याच्या माणसांसोबतच करायचं, एकट्यादुकट्याने नाही.

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नका. मोठ्या मुलांच्या चेहऱ्यालाही मोठ्यांचा एन-९५ बसत नाही. त्यांना घरात ठेवणं हाच उपाय. वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. गरोदर बायकांनीही ‘मला काही होत नाही’ म्हणू नये.

आकडा बघितला, ‘मध्यम’ आहे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक बघता, चांगलं करता. पण पीएम २.५ साठी तो आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. रात्री आठला डोंगर पेटला तर त्या दोन-चार तासांचा दाट धूर दिवसभराच्या बऱ्या हवेत विरघळून जातो आणि निर्देशांक ‘मध्यम’ दाखवतो, म्हणजे १०१ ते २००. शिवाय आकडा बघता ते यंत्र कदाचित गंगापूर रोडला असतं आणि तुम्ही मेरीत किंवा म्हसरूळला. तासाचा पीएम २.५ चा आकडा दिसत असेल तर तो बघा. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. मी मात्र आधी गच्चीवर जाते. रोज स्पष्ट दिसणारा डोंगर आज पुसट आहे आणि घशात खवखव आहे, तर कुठलाही आकडा मला बाहेर काढू शकत नाही.

‘डोंगर लांब आहे, आपल्यापर्यंत काय येतंय?’ असंही ऐकते. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या जंगलांच्या धुराने न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं. मधलं अंतर शेकडो किलोमीटरचं.

गुळाचा खडा खाऊन फुप्फुस साफ होत नाही. वाफाऱ्याने घशाला बरं वाटेल, कण निघणार नाहीत. उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका, धूर म्हणजे जंतू नव्हेत. गच्चीवर, अंगणात पडलेली राख कोरड्या केरसुणीने झाडू नका. पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा.

काडी लावून मोकळं होणं

हे सगळं मुळात टळण्यासारखं आहे, म्हणून जास्त राग येतो. ‘जाळलं की नवं गवत चांगलं येतं’ हा समज अजून गेलेला नाही. दरवर्षीच्या आगीने जमिनीतलं बी आणि उगवलेली रोपटी जळतात, आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या भागात मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपं करायच्या जमिनीवर पाला-काटक्या पसरून जाळतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांना शहरातून उपदेश करायला मी जाणार नाही. भोवतीचं गवत आधी साफ केलं आणि आग पूर्ण विझेपर्यंत थांबलं, तरी पुष्कळ वणवे टळतील. माझं भांडण आहे ते द्राक्षबागायतदारांशी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्यांचे ढीग बांधावर लावून पेटवून देतात. यंत्राने त्याच काड्यांचा भुगा करून बागेत पसरता येतो, ओल टिकते, जमीन सुधारते. दोन दिवस जास्त लागतात, एवढंच.

डोंगरावर जाळ दिसला की व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. जवळचं गाव, डोंगराची कोणती बाजू आणि वर जायची वाट कुठून, हे तीन सांगा. नंतर फोन मोकळा ठेवा, वाट विचारायला परत फोन येऊ शकतो.