बदलापूर–वांगणी पट्ट्यात घर घेताना: भाव विचारण्याआधी वस्ती वाचा

बदलापूर स्टेशनबाहेर पडलं की हातात पत्रक येतंच: स्टेशनपासून १० मिनिटं, २४ तास पाणी, मेट्रो जवळ. यातलं आज काय आहे आणि पुढे कधीतरी काय होणार आहे, एवढं वेगळं काढता आलं की अर्धं काम झालं. लांबच्या उपनगरात भाव उद्याच्या सोयींचा लावतात, हप्ता मात्र आजपासून सुरू होतो. म्हणून पुढच्या सगळ्या तपासणीचा नियम एकच: जे आज चालू आहे त्याचेच पैसे मोजायचे.

कोण राहायला येतंय, ते आधी बघा

कुळगाव-बदलापूर नगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण ९८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १,७४,२२६ झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास ७८ टक्के वाढ. शेजारचं अंबरनाथ त्याच काळात २.०४ लाखांवरून २.५३ लाखांवर गेलं, वाढ २४ टक्के. दोन गावांत अंतर जेमतेम आठ किलोमीटर, तरी एवढा फरक. अंबरनाथ जुनं कारखान्यांचं गाव, तिथली बरीच जमीन आधीच अडकलेली. बदलापुरात भातशेतीची मोकळी जमीन होती आणि इथूनच सुटणाऱ्या लोकलही होत्या.

याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली. लालबाग-परळची खोली विकायची, भावाभावांत वाटणी करायची आणि प्रत्येकाने मध्य रेल्वेवर पुढे कुठेतरी वन बीएचके घ्यायचं, हा हिशोब गिरणगावाला नवा नाही. आधी डोंबिवली झाली, ती महागल्यावर अंबरनाथ-बदलापूर, आणि आता वांगणी, शेलू, नेरळ.

घर निवडताना याचा उपयोग असा. इथला ग्राहक मुख्यतः पगारदार, लोकलने कामावर जाणारा, पहिलंच घर घेणारा. तुम्ही उद्या घर विकायला काढाल तेव्हाही समोर तोच येईल. त्यामुळे वन बीएचके आणि छोटा टू बीएचके लवकर विकला जातो. चौदाव्या मजल्यावरचा थ्री बीएचके, क्लब हाउस आणि स्विमिंग पूल असलेला, घेताना स्वस्त वाटतो. पण त्याचा मेंटेनन्स या भागातल्या पगाराला जड जातो आणि विकताना ग्राहक शोधावा लागतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचा आकडा म्हणून एजंट जो सांगतो तो अंदाजच असतो. त्याऐवजी या तीन गोष्टी स्वतः तपासा:

- २०११ च्या जनगणनेचे प्रभागनिहाय तक्ते मोफत मिळतात. शून्य ते सहा वयाची मुलं भागिले एकूण लोकसंख्या, हे प्रमाण दोन-तीन प्रभागांचं काढून एकमेकांशी ताडून बघा. जास्त असेल तिथे तरुण कुटुंबं होती. आज ती मुलं कॉलेजात आहेत, म्हणजे तो भाग आता स्थिरावलेला.
- मतदारयादी भागानुसार पाहता येते आणि तिच्यात वय असतं. ज्या रस्त्यावर घर बघताय त्या भागाची यादी चाळली की वस्ती तरुण की निवृत्तांची, हे दहा मिनिटांत कळतं.
- कामाच्या दिवशी रात्री साडेनऊला इमारतीसमोर उभे राहा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. आठला जाऊ नका, निम्मे लोक तेव्हा अजून गाडीत असतात. ताबा देऊन दोन वर्षं झाली तरी अर्ध्या खिडक्या अंधारात असतील, तर ती घरं गुंतवणूकदारांची आहेत. अशा सोसायटीत मेंटेनन्सची थकबाकी मोठी असते, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा तीच रिकामी घरं तुमच्याशी स्पर्धा करतात.

एक स्टेशन पुढे गेलं की भाव का पडतो

मुंबईहून बदलापूर ६८ किलोमीटर, वांगणी ७९, कर्जत १००. फरक किलोमीटरपेक्षा गाड्यांचा आहे. बऱ्याच लोकल बदलापूरलाच संपतात. पुढे वांगणी-शेलू-नेरळला फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या, त्यामुळे एक चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ उभं राहायचं. वांगणीतला स्वस्त भाव म्हणजे या थांबण्याची किंमत. दोन्हीकडचा विचार करत असाल तर आपल्या कामाच्या वेळेपुरतं वेळापत्रक समोर ठेवून सकाळी ६ ते ८ आणि रात्री ९ नंतरच्या गाड्या मोजा. रात्रीची शेवटची गाडी विशेष बघा, सेकंड शिफ्टवाल्यांचं गणित तिथेच बिघडतं.

'स्टेशनपासून १० मिनिटं' हे रिक्षाने की पायी, दुपारी की सकाळी? स्वतः चालून बघा, सकाळी साडेसहाला, आणि पूर्व-पश्चिम पूल ओलांडायचा असेल तर तोही ओलांडून. शेअर रिक्षा लागत असेल तर दोन्ही वेळचं भाडं गुणिले २५ दिवस, असा आकडा हप्त्याशेजारी लिहा.

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, चिखलोली स्थानक, बदलापूरपर्यंतची मेट्रो १४, ही नावं प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतात. गाडी धावू लागेपर्यंत भाव ठरवताना त्यांची किंमत शून्य धरा.

पाणी: नळाचं आणि नदीचं

बदलापूर-अंबरनाथला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. नवी इमारत बघताना नळजोडणी मंजूर आहे का, की बोअर आणि टँकरवर भागवतात, हे विचारा. विक्री कार्यालयात विचारून उपयोग नाही. त्याच बिल्डरच्या दोन-तीन वर्षं जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं बघायला मागा.

हिशोब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. ८० घरं, घरात ४ माणसं, म्हणजे ४३,२०० लिटर. नळाचं पाणी निम्मंच आलं तर रोज साधारण २१,६०० लिटरची तूट, म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर भरून वर थोडी उरलीच. स्थानिक टँकरचा भाव विचारा, रोजचे दोन टँकर धरून त्याला २ ने आणि मग ३० ने गुणा, आणि ८० ने भागा. हा खर्च मेंटेनन्समध्ये धरला नसेल तर सांगितलेला मेंटेनन्स खरा नाही.

नदीचा प्रश्न त्याहून गंभीर. उल्हास पश्चिमेकडून जाते आणि तिची धोका पातळी बदलापूरला १७.५० मीटर आहे. २६ जुलै २००५ ला आणि २७ जुलै २०१९ ला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकून पडली होती. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, सोनिवली या बाजूला घर बघत असाल तर पुढच्या पायऱ्या चुकवू नका.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. भूखंड कोणत्या रेषेजवळ आहे, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर देऊन विचारा. मग जागेवर जा. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर गिलाव्यावर ओलीची आडवी रेघ दिसते का, मीटरबॉक्स उगाच वर चढवलेले आहेत का, ते बघा. किराणा दुकानदाराला विचारा की माल खालच्या फळीवर ठेवता का. बिल्डरने भराव टाकून इमारत उंच घेतली असेल तर तुमचं घर सुटेल, पण खालचं पार्किंग, पाण्याची भूमिगत टाकी, पंप आणि लिफ्टचा खड्डा पाण्यात जातो. पूर ओसरल्यावर सोसायटीचा मोठा खर्च याच चार जागी होतो.

पूर्वेला खरवई-माणकिवलीकडे रासायनिक कारखाने आहेत. तिकडचं घर बघायला रात्री एकदा जा, वास दिवसा लागतोच असं नाही.

भाव: फलकावरचा आणि खरा

विक्रेता म्हणतो, '६५० फूट, साडेपाच हजारांनी.' म्हणजे ३५,७५,००० रुपये. करारनाम्यात रेरा कार्पेट, म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे मोजलेलं घराच्या आतलं क्षेत्रफळ, निघतं ४२०. मग खरा भाव ३५,७५,००० भागिले ४२०, म्हणजे सुमारे ८,५१२ रुपये फूट. दोन इमारतींची तुलना फक्त याच आकड्यावर करा. 'युजेबल कार्पेट' नावाचा प्रकार ऐकलात तर सावध व्हा. त्यात बाल्कनी मिसळलेली असते. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत.

शेजारी प्रत्यक्षात काय भावाने व्यवहार झाले, तेही घरबसल्या कळतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडा. जिल्हा ठाणे, तालुका अंबरनाथ, मग गाव निवडून गट किंवा सर्व्हे नंबर टाका आणि वर्ष निवडा. प्रत्येक दस्ताच्या सूची २ मध्ये मोबदला आणि क्षेत्रफळ असतं. एकाच इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले पाच-सहा दस्त काढून भागाकार करा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणायला विसरू नका. ही चूक फार होते.

कागद

महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर आहे, एवढ्यावर थांबू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींना महारेरा नोंदणी मिळाली होती, पण ज्या बांधकाम परवानग्यांवर ती मिळाली त्याच बनावट निघाल्या, आणि उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घरं घेतलेल्यांचे हप्ते मात्र चालूच राहिले. तेव्हा परवानगीच्या प्रतीवरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात मूळ नोंदीशी जुळवा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. टोकन त्यानंतर द्या.

महारेराच्या पानावर तीन गोष्टी वाचा: पूर्णत्वाची मूळ तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली, एकूण घरांपैकी किती विकली गेली, आणि चालू दावे. विक्रेता 'शेवटची चारच उरलीत' म्हणत असेल आणि पानावर अर्धी इमारत शिल्लक दिसत असेल, तर भाव उतरवायला तेवढं पुरे.

सातबारावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन) असेल, कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे अडकतो. फेरफार मागे ३० वर्षांपर्यंत वकिलाकडून तपासून घ्या. ओळखीचा म्हणून बिल्डरचाच वकील घेऊ नका. वांगणी-नेरळकडे ग्रामपंचायत हद्द लागते. तिथे ग्रामपंचायतीचा ठराव किंवा ना हरकत दाखला म्हणजे बहुमजली इमारतीची बांधकाम परवानगी नव्हे. आणि घरपट्टीची पावती इमारत अधिकृत असल्याचा पुरावा ठरत नाही, घरपट्टी अनधिकृत इमारतींकडूनही वसूल होते.

खिशातून नेमके किती

समजा करारनामा ३६ लाखांचा, इमारत बांधकाम चालू असलेली. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांची मुभा असली तरी हिशोब ८० वरच करा. म्हणजे कर्ज २८,८०,००० आणि स्वतःचे ७,२०,०००. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरून २,५२,००० (ठिकाणानुसार एक टक्का कमी पडू शकतं, आणि घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे), नोंदणी ३०,०००, जीएसटी १ टक्का म्हणजे ३६,०००. हा एक टक्का ६० चौरस मीटर कार्पेट आणि ४५ लाख या दोन्ही मर्यादांच्या आत असेल तरच; नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. वर वीजमीटर, पाणीजोडणी, आगाऊ मेंटेनन्स यांसाठी दीड लाख बाजूला ठेवा. बेरीज ११,८८,०००. 'फक्त २० टक्के भरा' ऐकून ७ लाखांत निघालेला माणूस इथे पर्सनल लोनच्या दारात जातो.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे २५,००० बसतो. तशाच घराचं भाडं ८,५०० असेल तर वर्षाचा परतावा २.८ टक्के. राहण्यासाठी घ्यायला हरकत नाही. भाड्यावर हप्ता फेडू म्हणून घेणाऱ्याने मात्र हा आकडा पुन्हा वाचावा.

करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पुढे महारेराच्या नमुना करारनाम्याप्रमाणे प्लिंथ (जोतं) पूर्ण होईपर्यंत एकूण ४५ टक्के आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के ही कमाल मर्यादा आहे. बिल्डरच्या तक्त्यात 'पहिला स्लॅब ६० टक्के' असं दिसलं तर सही करण्याआधी बदलून घ्या.

ताबा

ओसीशिवाय (भोगवटा प्रमाणपत्राशिवाय) चावी घेऊ नका, 'फिट-आउटसाठी', म्हणजे आतलं फर्निचर-सजावट करायला, म्हणून दिली तरी. एकदा राहायला गेलात की बिल्डरची घाई संपते. जमलं तर पावसाळ्यात ताबा घ्या: पश्चिमेकडच्या भिंती, खिडक्यांच्या चौकटीखालचे कोपरे आणि वरच्या बाथरूमखालचं छत लगेच बोलतं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं का बघा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार मात्र फोटो-तारखेसह लेखी, पोचपावती घेऊन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'पाठवतो माणूस' पाच वर्षं सहज पुरतं.