केळीच्या सोपटाचा धागा, फिलिपाईन्सच्या पद्धतीनं

सोपट, म्हणजे केळीच्या बुंध्याचे एकावर एक थर, म्हटलं की आपल्याला अंबाबाईच्या देवळाबाहेर गजरे बांधणाऱ्या मावशी आठवतात, आपली मजल तिथपर्यंतच. फिलिपाईन्समध्ये मिंदानाओ बेटावर लेक सेबूच्या टिबोली जमातीच्या बायका मात्र अबाकाच्या सोपटापासून टिनालाक नावाचं अख्खं कापड विणतात, त्यातल्या लांग दुलाय यांना तर १९९८ साली सरकारनं राष्ट्रीय सन्मान दिला. अबाका म्हणजे आपल्या केळीची चुलत बहीण, त्यामुळं छोटं आसन आपल्या केळीवरपण जमतंय.

घड उतरवला की बुंधा बांधावर टाकून देतात, तोच मागून आणा, पण त्याच दिवशीचा, शिळ्याचा धागा काळा पडतोय. बाहेरची वाळकी सोपटं काढा, आतला गाभा भाजीला ठेवा, मधली घ्या. हातभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी पाटावर ठेवायची, वरून बोथट सुरी दाबून धरायची आणि पट्टी एका दमात आपल्याकडं ओढायची, गर सुरीमागं राहतोय आणि हातात धागे येतात. धारेची सुरी नको, धागाच कापतोय. कपडे जुने घाला भावांनो, केळीचा चीक जात नाही म्हणजे नाही, माझा चांगला पांढरा शर्ट आता बुजगावण्यावर आहे.

धागे दोन पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, फणीनं विंचरा.

आता खरी गोम. आपण धागा म्हटलं की सुतळीसारखा पीळ द्यायला जातोय, तिकडं पीळ देतच नाहीत. एकेक तंतू टोकाला टोक लावून गाठायचा आणि गाठीची उरलेली शेपटी कातरायची, म्हणून तर कापड सपाट बसतंय. मी पहिल्यांदा पीळ देऊन केलं, झालं पायपुसणं. बोटं वाईच ओली ठेवा, पहिल्या दिवशी तासाभरात माझ्या कशाबशा तीस गाठी झाल्या, त्यातल्या निम्म्या सुटल्या.

जुन्या फोटोच्या लाकडी चौकटीला वर-खाली जवळजवळ खिळे ठोका. ताणा, म्हणजे खिळ्यांवर ताणायचे उभे धागे, सुती दोऱ्याचा घ्या, इचलकरंजीत कुणी ओळखीचं असलं की सूत मिळतंयच. टिनालाकमध्ये ताणा-बाणा दोन्ही अबाकाचाच, पण नवख्यानं तो नाद करू नये. केळीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, मोठ्या सुईत ओवून एक वरून एक खालून, परतताना उलटं, आणि दर चार ओळींनी फणीनं ठोकायचं. विणायचं सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावर, उन्हात धागा कडक होऊन तुटतोय, टिबोली बायकापण गारव्यालाच बसतात. आपल्याकडं एप्रिलमध्ये तर दुपारी हातच लावू नका.

रंगाच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका. विणून झालं की देवीच्या सामानाच्या दुकानातनं एक मोठी कवडी आणा आणि तिच्या पाठीनं आसन दाबून दाबून घासा, टिनालाकलापण चमक कवडीनंच आणतात. अर्धा तास तरी घासा, दंड भरून येतोय पण.