उलटी होतेय? पेला बाजूला ठेवा, चमचा घ्या

लेक चार वर्षांची होती. रात्री दीडला ओकली. तोंड सुकलं असेल म्हणून मी पेलाभर पाणी पाजलं, ते पाच मिनिटांत जसंच्या तसं माझ्या अंगावर. चूक पाण्याची नव्हती, पेल्याची होती.

आता उलटीनंतर १० मिनिटं मी काहीच देत नाही. चूळ भरायला लावते, कुशीवर झोपवते. उताणं झोपवलं तर उलटी श्वासनलिकेत जायची भीती. मग ओआरएस (साखर-मिठाचं पाणी, जलसंजीवनी), दर दोन मिनिटांनी एक चमचा. मूल "अजून दे" म्हणून रडतं, तरी पेला हातात द्यायचा नाही. ५ मिलीच्या चमच्यानं तासाला १५० मिली पोटात जातं, कमी नाही ते! पुन्हा उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत चमचा, जरा आणखी सावकाश.

ओआरएसची पुडी पाकिटावरच्या मापानेच कालवा. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात त्याच ५ मिलीच्या चमच्याने साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. उलटीचं औषध मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

मी उलट्यांपेक्षा लघवीवर लक्ष ठेवते. त्या रात्री थेट पाच वाजून वीस मिनिटांनी झाली, थोडीशी, गडद पिवळी. एवढा आनंद मला लघवीचा कधी झाला नव्हता.

आठ तास लघवीच नाही, डोळे खोल गेलेत, मूल गुंगीत आहे, घोटभरही टिकत नाही, तर लगेच दवाखाना. उलटी हिरवी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी असेल, पोट असह्य दुखत असेल, डोकं ठणकून मान आखडली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर चमच्याचा खेळ करत बसू नका. मोठ्या माणसाच्या छातीत दुखत असेल तरीही तेच. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, मधुमेही यांच्या बाबतीत वाट पाहण्यात अर्थ नाही. एरवी धडधाकट माणसाचीही उलटी दोन दिवसांत थांबली नाही तर दाखवाच. आणि पोटात विषारी काही गेलं असेल तर मुद्दाम ओकायला लावू नका. बाटली सोबत घेऊन निघा.

निघताना उलटीचा फोटो काढून ठेवा. किळस येते खरी, पण "रंग कसा होता?" हे डॉक्टर विचारतातच, आणि मला तेव्हा आठवलं नव्हतं.