परदेशात शिकायला जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

कुकर, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला याची लिस्ट आई करतेच, त्यामुळे ते सोडा. मी गिरगावातून जर्मनीला मास्टर्सला गेलो आणि जे जाण्याआधी करायला हवं होतं ते सांगतो.

निघायच्या आधी एक रविवार मुंबई बघायला काढा, खरंच. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन किचनमधे एक बांगलादेशी मुलगा होता, २१ फेब्रुवारीला त्याने खिचुरी केली आणि १९५२ साली ढाक्यात बांगला भाषेसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या ते सांगितलं, मग विचारलं की तुमच्या भाषेसाठी कोणी लढलं का. मी चार वर्षं चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकातून कॉलेजला गेलोय आणि मला दोन वाक्यांपलीकडे सांगता येईना. रात्री बाबांना फोन केला, त्यांनी २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, संयुक्त महाराष्ट्र, १ मे १९६० सगळं सांगितलं, दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं आणि मग आमच्यात वेगळीच मैत्री झाली. त्यामुळे हुतात्मा चौकात थांबून वाचा, मस्जिद स्टेशनजवळचं, १७९६ मधे सुरू झालेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघा, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आपल्याकडे आहेत हे सांगितलं की 'इंडियन म्हणजे हिंदी बोलणारा' समजणारा माणूस नीट ऐकायला लागतो.

तिकडे गेल्यावर शक्यतो सगळे इंडियन असलेला फ्लॅट घेऊ नका, निदान पहिलं सेमिस्टर तरी. सोपं पडतं हे मान्य, पण मग दोन वर्षं आपण आपल्यातच राहतो. जर्मनीत बऱ्याच युनिव्हर्सिटीत टँडम असतं, म्हणजे तुम्ही एखाद्या जर्मन विद्यार्थ्याला तुमची भाषा शिकवा, तो तुम्हाला जर्मन शिकवेल, पैसे नाहीत. ते नक्की करा.

प्रश्न विचारताना 'तुमच्या देशात असं असतं का?' असं नको, 'तुझ्या घरी काय करतात?' असं विचारा. एका नायजेरियन मुलीला अख्ख्या नायजेरियाबद्दल कसं सांगता येईल, आपल्याला तरी अख्ख्या भारताबद्दल येतं का? पाकिस्तानी पोरं भेटतीलच, भाषा कळते, जेवण जवळचं, तेव्हा आधी जेवा, न्यूजमधल्या भांडणाचं नंतर बघू.

आणि एक अवघड गोष्ट. कोणीतरी जातीबद्दल विचारणारच. तेव्हा 'आता तसं काही नाही' म्हणून विषय बंद करू नका, देशाची बदनामी होईल असं वाटतं पण खोटं बोलून अभिमान टिकत नाही. बाबासाहेबांनी १९१६ मधे न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत भारतातल्या जातींवरच निबंध वाचला होता, आणि त्यांच्याइतकं या देशासाठी कोणी केलं सांगा. जे आहे ते सांगा, कोण त्याच्याशी लढतंय तेही सांगा, मग त्यांच्याकडे काय आहे ते विचारा, लोक मोकळेपणाने बोलतात.

सणाला बोलवा, पण त्यांच्याकडेही जा, ईदला, ईस्टरला, नौरोजला. २७ फेब्रुवारीला मी पिठलंभात केला, मराठी भाषा दिन म्हणून, आणि तो बांगलादेशी मित्र दाराशी उभा राहून मी शिकवलेलं म्हणाला, 'जेवायला वाढ रे.'