परदेशातल्या मोठ्या शहरात खरंखुरं भारतीय जेवण कसं शोधायचं

सगळ्यात आधी एक करा, मॅपवर 'इंडियन रेस्टॉरंट' असं टाकून शोधणं बंद करा. मी कितीतरी ट्रिपांमध्ये तेच करत होते आणि दर वेळी तीच गत, राहायच्या जागेपासून दोन गल्ल्या पलीकडे कुठलातरी महाल नाहीतर महाराजा, चांगले साडेचार स्टार, आत गेलं की भिंतीवर हत्ती, मागे सतार वाजतेय आणि पनीर असो चिकन असो कोळंबी असो, सगळं एकाच केशरी गोडसर ग्रेव्हीत बुडवलेलं. एकदा तर विंदालू मागवलं आणि त्यात चक्क बटाट्याच्या फोडी. अहो, विंदालूतला आलू हा बटाटा नाहीच, मूळ पोर्तुगीज नावात वाईन आणि लसूण आहे, गोव्यात वाईनच्या जागी व्हिनेगर आलं आणि मिरच्या-मसाले आले, बटाट्याचा त्यात काही संबंध नाही. स्वयंपाकघरात कोणीतरी नाव ऐकून अंदाजाने बटाटे टाकले होते, आणि बिल मात्र अंदाजाने आलं नाही.

तर प्रश्न 'भारतीय कुठे मिळेल' हा नाहीये, 'कुठलं भारतीय' हा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. ज्याच्या बोर्डावर नुसतं 'इंडियन' आहे तो सगळ्यांना खूश करायला बसलाय, आणि ज्याच्या बोर्डावर चेट्टिनाड, केरळ मेस, हैदराबादी, काठियावाडी असं काहीतरी ठाम लिहिलंय त्याला निदान माहितीय की तो काय शिजवतोय. म्हणून शोधताना पदार्थाचं नाव टाकायचं. डोसा हा शब्द आता सगळीकडे चालतो म्हणून तो पुरत नाही, थोडं खोलात जायचं, अप्पम, पेसरट्टू, मीन कुळंबू, उंधियू, कोशा मांगशो, अमृतसरी कुलचा. असा पदार्थ ज्याच्या मेनूत सापडतो त्याच्याकडे तो मागणारं गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक पर्यटक नसतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी कारण बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रिटनमधली जुनी 'इंडियन' करी हाऊसेस मोठ्या संख्येने बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेल्या लोकांची आहेत. त्यांनी तिथल्या गिऱ्हाइकासाठी एक ठरलेला मेनू बसवला, कोरमा म्हणजे सौम्य, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे जास्त तिखट, म्हणजे नावं पदार्थांची पण काम तिखटाच्या मीटरचं, आणि खाली कांद्याची एकच बेस ग्रेव्ही जी आधीच मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवलेली असते. टोकियोला गेलात तर तिथली खूपशी इंडियन रेस्टॉरंट नेपाळी लोक चालवतात, ताटाबाहेर लोंबणारा गोडसर नान, हवा तर चीज भरलेला. यात फसवणूक काही नाही, ज्याला जे विकलं जातं ते तो विकतो. पण तुम्हाला काही खास खायचं असेल तर अशा ठिकाणी मी काय करते, मेनू बाजूला ठेवून विचारते की तुमच्या घरचं काही आहे का आज. नेपाळी असेल तर मोमो किंवा दाल-भात-तरकारी निघते, सिल्हेटी असेल तर सातकोरा (तिकडचं एक लिंबासारखं फळ) घातलेलं मटण किंवा बीफ, किंवा मोहरीतला मासा. हे भारतीय नाही, मान्य, पण वेटरच्या चेहऱ्यावर जे हसू येतं आणि मग आतून जे ताट येतं ते त्या केशरी ग्रेव्हीपेक्षा शंभर पटीने बरं असतं.

आता एरिया. हॉटेलजवळचं, म्युझियमजवळचं, मोठ्या चौकातलं सोडा. भाडं इतकं असतं तिथे की गिऱ्हाईक परत आलं नाही तरी चालेल अशाच हिशोबाने धंदा होतो. आपली माणसं जिथे राहतात, किराणा भरतात, तिथे जा. लंडनला साऊथॉल पंजाबी, वेम्बलीचा ईलिंग रोड गुजराती, टूटिंग आणि ईस्ट हॅमला दक्षिणेकडचे आणि श्रीलंकन तमिळ, आणि फक्त शाकाहारी हवं असेल तर युस्टन स्टेशनच्या अगदी मागे ड्रमंड स्ट्रीट, तिथे भेळपुरी आणि डोसावाल्यांची जुनी रांग आहे. न्यूयॉर्कला क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स, मॅनहॅटनमधून हलायचंच नसेल तर लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपास, त्या भागाला लोक करी हिलच म्हणतात. सिंगापूरला सेरंगून रोड, दुबईला करामा आणि बर दुबई, क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स, सिडनीला हॅरिस पार्क, टोकियोला निशी-कासाई जिथे आपली आयटीवाली कुटुंबं राहतात. पॅरिसमध्ये गार दू नॉर स्टेशनच्या वर ला शापेलला गेलात तर श्रीलंकन तमिळ दुकानं लागतील, भारतीय नाही पण डोसा आणि भात खायचा असेल तर शहराच्या मध्यावर शोधत बसण्यापेक्षा तेच बरं. यादीत नसलेल्या शहरात गेलात तर सोपी युक्ती, मॅपवर भारतीय किराणा शोधा. जिथे तीन-चार किराणा दुकानं जवळजवळ आहेत तिथेच जेवणाची जागा असणार. आणि दुकानात शिरून कढीपत्ता घेणाऱ्या बाईंना सरळ विचारा, तुम्ही बाहेर जेवायला कुठे जाता. सगळं इंटरनेट एका बाजूला आणि त्या बाई एका बाजूला, मी बाईंचं ऐकते.

टॅक्सी ड्रायव्हर पंजाबी किंवा हैदराबादी निघाला तर त्यालाही विचारा, पण नीट विचारा. 'चांगलं रेस्टॉरंट कुठलं' विचारलं तर तो तुम्हाला पाहुणा समजून झुंबरवाल्या ठिकाणी नेईल. 'तुम्ही ड्यूटी संपल्यावर कुठे खाता' असं विचारायचं.

रिव्ह्यू वाचायची पण एक पद्धत आहे. स्टार बघू नका, म्हणजे बघा पण त्यावर ठरवू नका. परदेशी गिऱ्हाइकाला गोड आणि क्रीम आवडलं की पाच स्टार, आणि आपला माणूस दीड तास रांगेत उभा राहून उत्तम बिर्याणी खाऊन पार्किंग नव्हतं म्हणून दोन स्टार देतो. त्यामुळे मी आधी फोटो बघते, मालकाने टाकलेले नाही, लोकांनी टाकलेले. स्टीलची ताटं, केळीचं पान, टेबलावर पाण्याचा जग, मागच्या टेबलावर आजी-आजोबा आणि पोरं, हे दिसलं की निम्मं काम झालं. डोशाचा फोटो असेल तर चटणी बघा, पांढरी-हिरवी आणि वर फोडणी दिसतेय का नुसतं काहीतरी गुलाबी घट्ट आहे. बिर्याणीत भाताचे दाणे वेगवेगळ्या रंगाचे, काही पांढरे काही केशरी, असतील तर दम दिलेली असण्याची शक्यता जास्त, सगळा भात एकसारखा पिवळा असेल तर तो परतलेला भात आहे आणि नाव बिर्याणी आहे. मेनूचा फोटो झूम करून वाचा. मग रिव्ह्यू नवे आधी असे लावून घ्या, कारण आचारी सोडून गेला की तीन महिन्यांत जागा बदलते आणि जुने पाच स्टार तसेच चमकत राहतात. तक्रारींमध्ये फरक करायला शिका. 'सर्व्हिस स्लो', 'जागा साधी', 'वेटर हसला नाही' या माझ्या दृष्टीने जवळजवळ शिफारशी आहेत. 'भात शिळा', 'पोट बिघडलं', 'बिलात न मागवलेलं लावलं' असं दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर सोडून द्या, जागा कितीही गाजलेली असो.

दारात पोचल्यावर मेनूची लांबी बघा. दीडशे पदार्थ आणि त्यात डोसा, बटर चिकन, मंचुरियन, वर पिझ्झा पण, तर एवढं सगळं रोज ताजं कोणीच करू शकत नाही, फ्रीझर आणि बेस ग्रेव्ही यावरच चालतं ते. एक पान, वीस-पंचवीस पदार्थ, आणि वार लिहून 'फक्त रविवारी' असं काही असेल तर आत चला. आणि दाराबाहेर माणूस उभा राहून हात धरून आत बोलवत असेल, ड्रिंक फ्री, वीस टक्के सूट वगैरे, तर जे दुकान जेवणाच्या वासाने भरत नाही ते तुम्ही तरी का भरायचं. अपवाद आहे एक, हाँगकाँगच्या चुंगकिंग मॅन्शन्स या जुन्या बहुमजली इमारतीत खाली असे लोक मागे लागतातच, तिथे त्यावरून जागा वाईट असं ठरवता येत नाही, आधीच नाव ठरवून सरळ लिफ्टकडे जायचं.

स्वच्छतेचा दाखला पण दारावरच वाचता येतो. ब्रिटनमध्ये, स्कॉटलंड सोडून, ० ते ५ असा फूड हायजीन रेटिंगचा स्टिकर असतो, इंग्लंडमध्ये तो लावायची सक्ती नाही त्यामुळे कमी मार्कवाले बरेचदा लावतच नाहीत, पण ऑनलाइन नाव टाकलं की दिसतं. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून ए, बी, सी अशी अक्षरं दर्शनी लावावी लागतात. हे मार्क स्वच्छतेचे आहेत, चवीचे नाहीत, पण ० किंवा १ वाल्याकडे मी चवीसाठी जात नाही.

वेळ सांभाळा. वीकेंडची दुपार ही सगळ्यात चांगली, कुटुंबं येतात, माल ताजा असतो, खास पदार्थ तेव्हाच होतात. मंगळवारी रात्री पावणेदहाला गेलात तर उरलंसुरलं मिळेल आणि मग म्हणाल की जागा बोगस. बुफे असेल तर उघडल्या उघडल्या जा, दीड तासाने गेलं की पुऱ्यांचे पापड आणि पनीरचं रबर झालेलं असतं. आणि बरीच घरगुती ठिकाणं सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, मॅपवर उघडं दाखवलं तरी एक फोन करा, मी एकदा तासभर ट्रेनने जाऊन बंद शटरचा फोटो काढून परत आलेय.

ऑर्डर देताना पहिल्याच फेरीत सगळं मागवू नका. एक साधा पदार्थ मागवा ज्यात लपवायला जागा नसते. उत्तरेकडचं असेल तर साधी डाळ आणि तंदुरी रोटी, दक्षिणेकडचं असेल तर इडली-सांबार. डाळीत फोडणीचा वास येतोय का, रोटीला खालून तंदूरचे डाग आहेत का, सांबारात चिंच आणि ताजा मसाला जाणवतो का नुसतं तिखट पाणी आहे, पाच मिनिटांत कळतं. बरं निघालं तर पुढे मागवा, नाहीतर पैसे देऊन उठा, लाज वाटायचं कारण नाही. तिखटाचं मात्र तोंडाने सांगायला लागतं. आपला चेहरा बघून सुद्धा सवयीने फिकं देतात, तर 'तुम्ही खाता तसं करा' एवढं वाक्य हिंदीत बोललात की बहुतेक ठिकाणी काम होतं, आचारी बंगाली असो का नेपाळी. मी एकदा दक्षिणेकडच्या मेसमध्ये हे जरा जास्तच फुशारकीने सांगितलं आणि नंतर ताकाचे चार ग्लास प्यायले, ते वेगळं.

शाकाहारी लोकांनी थोडं जास्त डोळ्यात तेल घालायचं. नानच्या पिठात काही ठिकाणी अंडं असतं. श्रीलंकन ठिकाणी नारळाच्या सांबोलमध्ये बरेचदा सुका मासा असतो आणि दिसायला ती आपली ओल्या नारळाची चटणीच. त्यामुळे 'व्हेज आहे ना' असं विचारू नका, 'यात अंडं, मासा, मटणाचा रस्सा आहे का' असं एकेक विचारा. कांदा-लसूण नको असेल तर गुजराती वस्तीतली ठिकाणं धरा आणि आधी फोन करा. आणि देवळं विसरू नका, न्यूयॉर्कला फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या तळघरात कँटीन आहे, तिथला डोसा खायला लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतात. सिंगापूरला सेरंगून रोडवर कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल १९४७ पासून आहे, काचेच्या टेबलांची हौस असेल तर जाऊ नका, इडली हवी असेल तर जा. गुरुद्वारात लंगर कोणालाही मिळतो, डोकं झाकायचं, ताटात हवं तेवढंच घ्यायचं, आणि जमलं तर नंतर भांडी घासायला हात लावायचा.

महागडी ठिकाणं सगळी दिखाऊ असतात असं मी आधी म्हणायचे, आता म्हणत नाही. लंडनचं वीरास्वामी १९२६ मध्ये सुरू झालं आणि दशकानुदशकं चाललं. न्यूयॉर्कच्या सेम्मा या रेस्टॉरंटने तमिळ गावाकडचे पदार्थ, अगदी गोगलगायसुद्धा, आहे तसे मांडले आणि मिशलिन या रेस्टॉरंट-गाइडचा स्टार मिळवला. तिथेही कसोटी तीच, मेनू एका प्रदेशाबद्दल ठाम बोलतोय का. बजेट मधलं असेल तर मिशलिनचीच बिब गूरमाँ नावाची यादी बघा, ती कमी पैशात चांगलं जेवण देणाऱ्यांचीच असते.

बिलाचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये बसल्या बसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे समोर आला तर तो बहुतेक वेळा फुकट नसतो, नको असेल तर तेव्हाच परत पाठवा. लंडनला बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बरेचदा आधीच लावलेला असतो, त्यावर पुन्हा टिप देऊ नका, न्यूयॉर्कला उलट, तिथे १८ ते २० टक्के आपणच द्यायचे. आणि जागा आवडली तर निघताना काऊंटरवरच्या माणसाला विचारा की या शहरात तुमच्या गावचं अजून कोण चांगलं करतं. बहुतेक वेळा तो आधी इकडेतिकडे बघतो, मालक आत आहे ना याची खात्री करतो, आणि मग हळू आवाजात एक नाव सांगतो.