त्याच बँकेचं दुसरं क्रेडिट कार्ड: अर्ज कोणत्या तारखेला टाकायचा

त्याच बँकेत दुसऱ्या कार्डाचा विषय निघाला की लोक महिने मोजायला बसतात. सहा झाले का? वर्ष झालं का? पहिलं कार्ड दोन-तीन महिन्यांचंच असेल तर थांबा, एवढं खरं. तुम्ही पैसे कसे फेडता हे बँकेने अजून पुरेसं पाहिलेलंच नसतं. काही बँकांनी किमान महिने ठरवलेले असतात, ते कस्टमर केअरला विचारून घ्या. ती अट संपली की महिन्यांचा हिशोब सोडा. त्यापुढचा सगळा खेळ तारखांचा आहे.

आधी हे उरका

नवं कार्ड हवंय की आहे तेच बदलून हवंय? अपग्रेडमध्ये जुनं कार्ड जातं. फोनवरचा माणूस दोन्ही गोष्टींची बिनधास्त गल्लत करतो, म्हणून ‘जुनं चालू ठेवून दुसरं’ असं स्पष्ट म्हणा. लिमिट वाढावं म्हणून करत असाल तर लक्षात घ्या, बऱ्याच बँका दोन्ही कार्डांना मिळून एकच लिमिट देतात. वेलकम बोनससाठी करत असाल तर तो जुन्या कार्डधारकांनाही मिळतो का, हे अटींमध्ये वाचा. पगार वाढला असेल तर बँकेतली उत्पन्नाची नोंद बदलून घ्या. आणि येत्या काही महिन्यांत गृहकर्ज काढणार असाल तर दुसऱ्या कार्डाचं नावच काढू नका.

कार्डावरची बाकी आधी खाली आणा

मी स्वतः याच टप्प्यावर अडलो होतो. एकही बिल थकलेलं नसताना अर्ज परत आला होता. ‘मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, मग माझ्यावर बाकी कसली?’ असं तुम्हीही म्हणत असाल, तर हे नीट वाचा.

समजा लिमिट 1,00,000 आहे आणि महिन्याचा खर्च 70,000. स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, 12 तारखेला निघतं, ड्यू डेट, म्हणजे ते भरायची शेवटची तारीख, पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला. तुम्ही शिस्तीत 30 तारखेला सगळे पैसे भरता. व्याज शून्य, दंड शून्य. पण तुमची माहिती सिबिलकडे, म्हणजे लोकांच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवणाऱ्या ब्युरोकडे, जाते ती तुम्ही पैसे कधी भरणार आहात हे बघून जात नाही. काही बँका स्टेटमेंटवरचा आकडा कळवतात, काही त्या दिवशीची बाकी. 15 तारखेची नोंद गेली तर दोन्ही प्रकारांत तिथे 70,000 किंवा त्याच्या आसपासचा आकडा पडतो. म्हणजे 70 टक्के लिमिट वापरलेला माणूस आणखी एक कार्ड मागतोय. तुम्ही बँकेत असता तर काय म्हणाला असता?

म्हणून अर्जाच्या महिन्यात ड्यू डेट विसरा आणि स्टेटमेंटची तारीख धरा. स्टेटमेंट 12 ला निघत असेल तर 8-9 तारखेलाच पैसे भरा, म्हणजे ते खात्यात जमा होऊन दिसायला वेळ मिळतो. बाकी लिमिटच्या 30 टक्क्यांखाली ठेवा असं सगळीकडे सांगतात. मी 10 च्या खाली आणतो. एक महिना हात आवरायचा आहे, मग निम्म्यात कशाला थांबायचं? भरल्यावर त्या कार्डावर मोठी खरेदी नको. आज भरलं आणि परवा फ्रिज घेतला, तर मुळात भरलंत कशाला?

‘पण बँक तर माझं खातं आतूनच बघते, तिला सिबिल कशाला लागतं?’ स्वतःचं कार्ड ती बघतेच. दुसऱ्या बँकेच्या कार्डावर तुम्ही किती चढवून ठेवलंय, हे मात्र तिला ब्युरोच्या रिपोर्टमधूनच कळतं. लोक ज्या बँकेत अर्ज करायचा तिचंच कार्ड चकाचक करतात आणि बाकीची कार्डं भरलेली ठेवतात. सगळ्याच कार्डांची बाकी खाली आणायची. खरेदी ईएमआयमध्ये फिरवली असेल तर तिचं उरलेलं मुद्दल लिमिट अडवून बसतं, तेही धरा.

आता वाट बघायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 जानेवारी 2025 पासून बँकांना ही माहिती किमान पंधरवड्याला, म्हणजे 15 तारखेची आणि महिनाअखेरची, कळवणं बंधनकारक झालं. त्या नियमात पाठवायला बँकेला सात दिवस, चढवायला ब्युरोला पाच. म्हणजे 9 तारखेला भरलेले पैसे 27-28 पर्यंत दिसायला हरकत नाही. पण कॅलेंडरवर विसंबू नका, रिपोर्ट उघडून बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर घसरत नाही. त्यात खात्यापुढची बाकी आणि ती कोणत्या तारखेची आहे, एवढंच शोधा. नवा आकडा चढला असेल तर त्याच आठवड्यात अर्ज. जुनाच दिसत असेल तर थांबा.

एक उलटी चूकही लोक करतात: ‘बाकी कमी दिसावी’ म्हणून कार्ड महिनोन्‌महिने कपाटात. जी बँक तुम्हाला दुसरं कार्ड देणार, तिला पहिलं वापरात दिसलं पाहिजे. वापरा, फक्त त्या एका महिन्यात लवकर भरा.

अर्ज

ॲप किंवा नेटबँकिंगमधून, एकदाच. प्री-अप्रूव्ड ऑफर दिसत असेल तर तिच्यावरूनच. मॉलमधल्या स्टॉलवरच्या एजंटाला कागद देऊ नका. तो एक अर्ज टाकतो, तुम्ही ऑनलाइन दुसरा टाकता, आणि रिपोर्टवर दोन एन्क्वायऱ्या, म्हणजे बँकेने तुमचा रिपोर्ट तपासल्याच्या नोंदी, बसतात.

नकार आला तर

लगेच पुन्हा अर्ज टाकू नका. आधी कारण मागा. अर्ज नाकारण्याचं मुख्य कारण लेखी कळवणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकेला बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर तक्रार विभागाला ईमेल करा. कारण जास्त बाकीचं असेल तर वर सांगितलेला महिना पुन्हा पाळा आणि तीन ते सहा महिन्यांनी परत या.

कार्ड आल्यावर

30 दिवसांच्या आत चालू करा. नाही केलं तर बँक ओटीपीने तुमची संमती मागते, आणि ती मिळाली नाही तर कार्ड बंद करते. बिलाची तारीख किमान एकदा बदलून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट 12 ला निघत असेल तर दुसऱ्याचं 27 च्या आसपास मागा, म्हणजे मोठी खरेदी ज्याचं स्टेटमेंट नुकतंच निघालंय त्या कार्डावर टाकता येते आणि पैसे भरायला जास्त दिवस मिळतात.