थ्री नॉट थ्री अडकतेय? आधी काडतुसांच्या कडा बघा
थ्री नॉट थ्री, म्हणजे .303 ली-एनफिल्ड रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) पुढे ढकलताना मध्येच घट्ट अडला, तर जोर लावू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, मॅगझिन (काडतुसांची पेटी) रिकामे करा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. पुढची सगळी तपासणी डमी, म्हणजे दारू नसलेल्या काडतुसांवरच.

बहुतेक वेळा दोष रायफलचा नसतोच. .303 काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे बसली, की बोल्ट वरचे ढकलताना खालचेही ओढतो आणि दोन्ही अडकतात. म्हणून सुटी काडतुसे भरताना प्रत्येक नव्याची कडा आधीच्याच्या पुढेच बसवा. घाईत नेमके हेच चुकते. इशापूर कारखान्याच्या 7.62 मिमीच्या 2ए1 रायफलीत ही भानगड नाही, कारण त्या काडतुसाला अशी कडाच नसते.

नीट भरूनही अडत असेल, तर मॅगझिनचे वरचे ओठ, म्हणजे काडतुसे आत धरून ठेवणाऱ्या वळलेल्या पट्ट्या, बघा. मॅगझिन पडले-आपटले की ते वाकतात आणि काडतुसाचे टोक चेंबरऐवजी खाली किंवा बाजूला आपटते. दुसरे मॅगझिन लावून पाहा. अडणे थांबले तर दोष सापडला. पक्कड मात्र हातात घेऊ नका, ओठ सरळ करणे परवानाधारक कारागिराचेच काम आहे. आत जुने, गोंदासारखे झालेले ग्रीस असेल तर तेवढे जरूर पुसून काढा.